नावाने हाक



पास्काकाळातला चौथा रविवार आपण उत्तम मेंढपाळाचा रविवार म्हणून पाळतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही दरवर्षी त्या दिवशी मुलांना एकच प्रश्न विचारतो, "चांगला मेंढपाळ आपली मेंढरं कशी ओळखतो?" मुले एका सुरात उत्तर देतात, "नावानं!" यंदा मात्र ते उत्तर ऐकताना आमचीच मान खाली गेली.

गेल्या वर्षी नर्सिंग शिकायला अरुणाचल प्रदेशातून आलेली एक मुलगी आमच्या चर्चमध्ये नेमाने मिस्साला येऊ लागली. शेवटच्या बाकावर बसायची. एका सणाच्या मिस्सासाठी अर्पणाची दाने वेदीपर्यंत कोणी न्यायची, त्याची यादी करण्याचे काम आमच्याकडे होते. तिने नाव सांगितले होते, पण ते आमच्या कानाला नीट लागले नव्हते. पुन्हा विचारायचा कंटाळा केला आणि यादीत लिहिले, "नॉर्थ ईस्टची मुलगी". यादी फलकावर लागली. मिस्सा संपल्यावर ती फलकापाशी गेली, पिशवीतून पेन काढले, त्या ओळीवर एक रेघ मारली आणि बाजूला आपले नाव लिहिले. त्याच्यापुढे लिहिले, "गालो". आम्हांला वाटले, हे आडनाव असेल. तसे विचारल्यावर ती हिंदीत एवढेच म्हणाली, "नाही सर, ते माझे लोक."

आमचा सीमाभाग. आपल्या गावाचे नाव पाटीवर कसे लिहिले आहे यावरून इथे माणसे किती हळवी होतात, हे तुम्हांला सांगायला नको. आपल्या नावासाठी एवढे जागरूक असलेल्या आम्ही दुसऱ्याच्या लेकीला मात्र एका दिशेचे नाव दिले! त्या दिवसापासून जे वाचले, समजून घेतले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो आहोत. ही एका भाषाकुळाची गोष्ट आहे. आणि आमच्यापुरते ते प्रायश्चित्तही आहे.

आबो तानीची लेकरे

तिबेटात उगम पावून पूर्वेकडे वाहणारी त्सांगपो नदी हिमालयाला वळसा घालून अरुणाचलात उतरते, तेव्हा तिचे नाव सियांग होते. तीच पुढे आसामच्या सपाटीवर ब्रह्मपुत्रा म्हणून ओळखली जाते. सियांगच्या दोन्ही अंगांच्या डोंगरांत आणि तिथून पश्चिमेला सुबानसिरी व कामेंगच्या खोऱ्यांपर्यंत जे लोक राहतात, त्यांत आदी, गालो, न्यिशी, तागिन, आपातानी हे समाज येतात. यांचेच भाऊबंद असलेले मिसिंग लोक डोंगर उतरून ब्रह्मपुत्रेच्या काठी, माजुलीसारख्या नदीतल्या बेटावर जाऊन राहिले. सीमेपलीकडे तिबेटातही यांपैकी थोडे लोक आहेत.

या साऱ्यांच्या भाषा एकमेकींच्या बहिणी आहेत. तिबेटो-बर्मन या मोठ्या कुळातली ही एक शाखा, आणि तिला आज 'तानी' म्हणतात. नाव आले आहे आबो तानीवरून. 'आबो' म्हणजे बाप. आबो तानी हा या सगळ्यांचा मूळ पुरुष, पहिला माणूस. आपल्याला आदाम, तसा त्यांना तानी.

भाषा बहिणी आहेत हे ओळखायला पंडित असावे लागत नाही. माणसाला आदी भाषेत 'आमी' म्हणतात, गालो आणि न्यिशी भाषांत त्याच शब्दाचा 'न्यी' झालेला आहे. आकडे पाहा. मिसिंग भाषेत दोनाला 'आन्यी' आणि चाराला 'आप्पी' म्हणतात, तर आठ म्हणजे 'पिन्यी'. चार आणि दोन एकत्र बसवले की आठ! ही जोडणी एका भाषेत नाही, तर या कुळातल्या अनेक भाषांत आढळते. केव्हातरी एकाच चुलीभोवती बसलेल्या माणसांनी ती केली असणार.

आणि वंशावळ! आदी, गालो आणि त्यांच्या शेजारच्या समाजांत जुनी रीत अशी की, बापाच्या नावाचे शेवटचे अक्षर घेऊन मुलाचे नाव सुरू करायचे. आपल्या भाषेत समजून घ्यायचे तर असे समजा की, बापाचे नाव राजी, तर मुलगा जीवा, नातू वासू आणि पणतू सूर्या. साखळीची एक कडी दुसरीत अडकलेली. म्हणून लिपी नसतानाही जाणती माणसे आपल्यापासून थेट आबो तानीपर्यंत पिढ्या मोजू शकतात. संत मत्तय आपले शुभवर्तमान नावांच्या लांबलचक यादीने सुरू करतो, ती यादी आपण वाचताना घाईने उरकतो. सियांगकाठच्या म्हाताऱ्याला ती कंटाळवाणी वाटणार नाही. ज्याची वंशावळ सांगता येते तोच आपला माणूस, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असते.

दुसऱ्यांनी ठेवलेली नावे

पण ज्या लोकांनी आपली नावे एवढी जपली, त्यांना जगाने मात्र भलत्याच नावांनी ओळखले. आसामच्या सपाटीवरचे लोक आदींना 'आबोर' म्हणत. म्हणजे कोणाच्या कह्यात न येणारे, रानटी. न्यिशींना 'डफला' म्हणत आणि मिसिंगांना 'मिरी'. इंग्रज आले आणि त्यांनी ही नावे जशीच्या तशी आपल्या कागदांत उतरवली. एकदा कागदावर चढलेले नाव किती चिवट असते, हे पुढे दिसलेच. १९११ साली नोएल विल्यमसन हा इंग्रज अधिकारी आदींच्या कोमसिंग गावी मारला गेला. त्यानंतर सरकारने जी फौज पाठवली, ती इतिहासात 'आबोर मोहीम' म्हणून नोंदली गेली. म्हणजे लढाईच्या नावातही शिवीच.

विद्वानांच्या ग्रंथांचीही गत वेगळी नव्हती. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीत या भाषा आल्या त्या 'आबोर-मिरी' आणि 'डफला' या नावांखाली. या पाहणीची एक गोष्ट आपल्यासाठी जवळची आहे. देशभरच्या भाषांचे नमुने गोळा करताना ग्रिअर्सन यांनी सगळ्यांना भाषांतरासाठी एकच मजकूर नेमून दिला होता. तो म्हणजे प्रभू येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला. १९०५ सालच्या मराठीच्या खंडात कोकणापासून वऱ्हाडापर्यंत हाच धाकटा मुलगा वेगवेगळ्या बोलींत घरी परततो. घरी परतलेल्या मुलाला बाप नोकर म्हणत नाही, पुत्र म्हणतो. दाखल्याचे सारे मर्म त्या एका शब्दात आहे. परक्याने ठेवलेल्या नावाखाली ज्यांची भाषा मोजली गेली, त्यांना तो शब्द मिळायला अजून अवकाश होता.

भाषाशास्त्रातले हे नाव बदलायला १९९३ साल उजाडले. जॅक्सन सुन या तैवानच्या अभ्यासकाने बर्कली विद्यापीठात या भाषांच्या इतिहासावर प्रबंध लिहिला. या भाषांची जी समान आई असावी तिचे शब्द त्याने तुलनेने पुन्हा मांडले आणि शाखेला नाव दिले 'तानी'. जुने 'मिरिश' हे नाव त्याने शीर्षकात कंसात ठेवले. जे बाहेर होते ते कंसात गेले, आणि लोकांच्या स्वतःच्या पूर्वजाचे नाव पुढे आले.

सरकारी कागद त्याहून हळू चालतात. अनुसूचित जमातींच्या यादीत 'डफला' खोडून 'न्यिशी' लिहायला संसदेला २००८ साली कायदा करावा लागला. त्यानंतर काही वर्षांनी 'गालोंग'च्या जागी 'गालो' आले. आणि 'आबोर' हा शब्द यादीतून गेला तो २०२१ साली. स्वातंत्र्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी! २०११ च्या जनगणनेच्या भाषांच्या तक्त्यात तर 'मिरी/मिशिंग' अशी तिरकी रेघ मारून जुने आणि नवे नाव शेजारी शेजारी बसवलेले आहे. त्या नोंदीखाली सुमारे ६ लाख ३० हजार माणसे आहेत. इतक्या माणसांना आपले नाव कोणाच्या तरी शेजारी दाटीवाटीने बसवून घ्यावे लागले. फलकावरची ती रेघ आठवली की वाटते, त्या मुलीने एका क्षणात जे केले, त्यासाठी देशाला किती दशके लागली!

डोंगर चढून गेलेले दोघे

या इतिहासात आपली ख्रिस्तसभा कुठे होती? पहिले नाव येते फादर निकोलस क्रिक यांचे. फ्रान्सच्या लोरेन प्रांतातले हे धर्मगुरू, पॅरिसच्या परदेश मिशन संस्थेचे. त्यांना तिबेटला जायचे होते. वाटा शोधत ते आसामात आले आणि १८५३ साली पादाम आदींच्या मेंबो या गावी पोहोचले. हे गाव आजच्या पासीघाटजवळ आहे. तिथे त्यांना फार दिवस राहता आले नाही. पण त्यांनी लिहून ठेवलेले त्या प्रवासाचे वर्णन आदी लोकांविषयीच्या सर्वांत जुन्या वर्णनांपैकी एक आहे. पुढच्याच वर्षी, १८५४ साली, फादर ऑगुस्टीन बुरी यांच्यासह ते मिश्मी डोंगर ओलांडून तिबेटच्या हद्दीत गेले आणि तिथे दोघांचीही हत्या झाली.  माणसांच्या हिशेबात ही फेरी फुकट गेली. आज अरुणाचलात इटानगर आणि मियाव असे दोन धर्मप्रांत आहेत. दोन्हींची स्थापना २००५ साली झाली. पेरणारा एक आणि कापणारा दुसरा, असे प्रभूने सांगितलेच आहे. मधली दीडशे वर्षे मात्र आपण मोजायला विसरतो.

दुसरे नाव कॅथलिक नाही, पण कृतज्ञतेने घ्यावे असे आहे. जे. एच. लोरेन हे इंग्रज मिशनरी. मिझो भाषेला रोमन अक्षरांत लिहिण्याची घडी ज्यांनी बसवून दिली, ते हेच. मिझो डोंगरांतून निघाल्यावर ते आणि त्यांचे सोबती एफ. डब्ल्यू. सॅव्हिज १९०० साली आसामच्या टोकाला सदियाला आले आणि आदी व मिसिंग लोकांत राहिले. १९०३ साली ते पुन्हा मिझो डोंगरांत परतले. जेमतेम तीन वर्षे. पण त्या तीन वर्षांत ऐकलेल्या शब्दांचा त्यांनी जाडजूड कोश केला. १९०७ सालच्या त्या कोशाचे नाव 'आबोर-मिरी भाषेचा कोश'. गंमत पाहा, आतल्या पानांवर त्या लोकांचा शब्द न् शब्द जपलेला, आणि मुखपृष्ठावर दोन्ही नावे परक्यांनी ठेवलेली. प्रेमाने केलेल्या कामातही अशी चूक राहून जाते. आमच्या फलकाची आठवण झाली आणि लोरेनसाहेबांवर रागावण्याचा आमचा हक्कच गेला.

खाल्लेले अक्षर

ईशान्येच्या पुष्कळ डोंगरी समाजांत एक कथा सांगतात. देवाने सगळ्या लोकांना लिपी वाटली. डोंगरातल्या माणसाला मिळाली ती चामड्यावर लिहिलेली. वाटेत त्याला भूक लागली, खायला काही नव्हते, म्हणून त्याने ते चामडेच भाजून खाल्ले. तेव्हापासून आपल्याकडे अक्षर नाही.

ही कथा ऐकून हसू येईल. पण यहेज्केल संदेष्ट्याला देवाने काय सांगितले होते? गुंडाळी खा. त्याने ती खाल्ली आणि ती त्याला मधासारखी गोड लागली. वचन पोटात गेल्याशिवाय ओठांवर येत नाही, हा त्याचा अर्थ आपण वर्गात शिकवतो. मग डोंगरातल्या त्या माणसाचे अक्षर हरवले असे का म्हणायचे? ते त्याच्या पोटात गेले. आदींची 'आबांग' नावाची जुनी कथागीते पुजारी रात्र रात्र तोंडपाठ म्हणतात. जगाची उत्पत्ती, आबो तानीची चतुराई, भात कुठून आले, मरण कुठून आले, हे सारे त्यांत असते. त्या गीतांची भाषा रोजच्या बोलण्याहून जुनी आणि वेगळी आहे.

आज या भाषा बहुतेक रोमन अक्षरांत लिहितात. आदी आणि न्यिशी भाषांत पवित्र शास्त्र छापलेले आहे. परकी अक्षरे पाहून नाक मुरडण्याआधी आपण आपलेच घर पाहावे. १६१६ साली गोव्यात राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. ते मराठीत आहे, पण छापले रोमन अक्षरांत, कारण छापखान्यात देवनागरी खिळे नव्हते. मराठी ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेचा सर्वांत देखणा ग्रंथ परक्या अक्षरांचा अंगरखा घालून आला आणि तरीही तो आपला राहिला.

वर, खाली आणि समोर

या भाषांतली एक लकब आम्हांला फार आवडली. आपण "तिकडे" म्हणून मोकळे होतो. तानी भाषांत मात्र "तिकडे वर", "तिकडे खाली" आणि "तिकडे समोर, सारख्या उंचीवर" यांसाठी वेगवेगळे शब्द आहेत. डोंगरात राहणाऱ्याला चढ-उतार विसरून बोलताच येत नाही. आपण घाटावरचे लोकही "खाली गोव्यात" म्हणतो, तेव्हा आपल्या पायांतला डोंगरच बोलत असतो.

आता शुभवर्तमानाकडे वळा. चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यातला तो माणूस यरुशलेमहून यरीहोला उतरत होता. आपण हे शंभरदा वाचले, पण त्या उताराकडे कधी लक्ष दिले? यरुशलेम डोंगरावर आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली. वाट निर्जन, वळणांची. अशा भाषेत भाषांतर करणाऱ्याला प्रभूच्या देशातली प्रत्येक चढण आणि उतरण आधी समजून घ्यावी लागते. आणि मग ऐकणाऱ्याला ती वाट आपल्या गावच्या वाटेसारखी दिसते. पेन्टेकॉस्टच्या दिवशी गर्दीतल्या प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आले, ते यासाठीच. पवित्र आत्म्याने सगळ्यांना एक भाषा शिकवली नाही. तो प्रत्येकाच्या भाषेत गेला.

आपल्याही पदरी काही येते

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्वातंत्र्यानंतर या डोंगराळ मुलखाचे नाव नेफा होते. तिथे बाहेरच्या मिशनऱ्यांना जाता येत नसे. सरकारला या मुलखाविषयी सल्ला देणारे व्हेरिअर एल्विन हे एके काळी स्वतः धर्मगुरू होते. १९२७ साली ते इंग्लंडहून आले ते आपल्या पुण्यात, ख्रिस्त सेवा संघात. पुढे त्यांनी चर्च सोडले, आदिवासींत राहिले आणि १९५४ पासून नेफाचे सल्लागार झाले. बाहेरच्यांनी घाईने या लोकांचे जगणे बदलू नये, असे ते कळकळीने सांगत. त्यांचे सगळे म्हणणे आपल्याला पटेल असे नाही. पण त्यांची काळजी खोटी होती, असेही म्हणता येत नाही.

विश्वास तरीही पोहोचला. तो नेला तिथल्याच मुलामुलींनी. आसामात शिकायला गेलेली मुले सुटीत घरी परतली आणि त्यांनी आपल्या भाषेत आईबापांना प्रभूविषयी सांगितले. १९७८ साली धर्मांतरावर निर्बंध घालणारा कायदा तिथे झाला. पण २०११ च्या जनगणनेत राज्यातल्या ३० टक्क्यांहून थोड्या अधिक लोकांनी आपण ख्रिस्ती असल्याचे नोंदवले.

पण पूजाविधी सुटले तसे त्या विधींत म्हटली जाणारी गीतेही अनेक घरांतून सुटू लागली. तालोम रुकबो या आदी विचारवंताला हीच खंत होती. दोन्यी म्हणजे सूर्य, पोलो म्हणजे चंद्र. पूर्वजांची ही श्रद्धा प्रार्थनेच्या आणि गीतांच्या रूपात बांधून ठेवण्यासाठी १९८६ साली पासीघाटला जी संघटना उभी राहिली, तिचे ते प्रणेते होते. त्यांची वाट आपली नव्हे. तरी त्यांचा प्रश्न आपण ऐकायला हवा. येशूकडे येणाऱ्याला आईची भाषा दाराबाहेर ठेवावी लागते का? ख्रिस्तसभेने १९६३ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, उपासनेत लोकभाषांना दार उघडून याचे उत्तर दिलेलेच आहे. लॅटिन मिस्सा ऐकलेली आमची आजी सांगायची, पहिल्यांदा मराठीत प्रार्थना झाली तेव्हा चर्चमधल्या बायका रडत होत्या. जो आनंद आपल्या आजीला मिळाला, त्यावर गालो आजीचाही तेवढाच हक्क आहे.

आज धोका निराळा आहे. अरुणाचलात इतक्या भाषा आहेत की, गावोगावचे लोक एकमेकांशी हिंदीत बोलतात, शाळा इंग्रजीत असते आणि घरात मूल आजीला हिंदीत उत्तर देते. युनेस्कोने या भाषा धोक्यात असलेल्या भाषांच्या यादीत घेतल्या आहेत. आपल्या वर्गातली मुले 'आमच्या बापा' मराठीत सुरू करतात आणि मध्येच इंग्रजीत जातात, तेव्हा तो धोका आमच्याही बाकावर येऊन बसलेला दिसतो.

मग्दालिया मारिया

पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालिया मारिया बागेत रडत उभी होती. प्रभू समोर होता, तरी तिला तो माळी वाटला. त्याने काही चमत्कार केला नाही. फक्त तिचे नाव घेतले, आणि तिने त्याला ओळखले. तिने उत्तर दिले तेही आपल्या मायबोलीत. संत योहानाने तो 'रब्बूनी' शब्द ग्रीक शुभवर्तमानातही तसाच ठेवला, वर त्याचा अर्थ सांगितला. मूळ शब्द पुसला नाही.

त्या मुलीचे शिक्षण चालू आहे. यंदाच्या यादीत तिचे नाव आम्ही तिलाच विचारून, तीनदा म्हणून घेऊन, मग लिहिले. दुसऱ्या वेळी ती हसली. तिसऱ्या वेळी म्हणाली, "आता बरोबर."

तुमच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर कोणी नवे माणूस बसत असेल, तर येत्या रविवारी त्याच्याजवळ जा. गाव विचारण्याआधी नाव विचारा. नीट ऐकू आले नाही तर पुन्हा विचारा, त्यात कमीपणा नाही.

हे उत्तम मेंढपाळा, तुला आमचे नाव ठाऊक आहे आणि ते तू कधी चुकवत नाहीस. ज्यांना जगाने चुकीच्या नावाने हाक मारली, त्यांना तू त्यांच्या आईच्या भाषेत हाक मार. आणि आमच्या कानांना ऐकायला शिकव. आमेन.